पिस्तुलाचं नंतर बघू, आधी शनिवारचं बोल

या वेळचं पत्र डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून आलंय. खाली सही आहे 'कराडची लेक'. चार पानं आहेत आणि प्रश्न पाच. त्यातल्या एकावरच मी सविस्तर बोलणार आहे, बाकीचे शेवटी उरकते. रागावू नकोस.

ती लिहिते, "मावशी, गल्लीत दोन घरं फुटल्यापासून ह्यांनी पिस्तूल घ्यायचं डोक्यात घेतलंय. इथं संविधानानं हक्क दिलाय, टेक्सासमध्ये तर जवळ बाळगायला परवानाही लागत नाही, मग आपणच का भ्यायचं, असं म्हणतात. मी नको म्हटलं की रोज खडाजंगी. वर म्हणतात, आपण प्रतिसरकारच्या मुलखातली माणसं, बंदूक आपल्या रक्तातच आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन तट पडलेत, कुठला नेता बंदुका काढून घेणार नि कुठला वाचवणार यावरून लोक एकमेकांकडच्या गणपतीला जाईनासे झालेत."

यापुढं राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर असं दीड पान आहे. आणि मधेच कंसात ही ओळ: "(मुलगा शनिवारी मित्राकडे झोपायला जातो. त्या मित्राच्या वडिलांनी पोरांना गॅरेजमध्ये बंदुका दाखवल्या म्हणे. माणसं फार चांगली आहेत, विचारलं तर काय वाटेल त्यांना, म्हणून मी काही बोलले नाही.)"

अगं बाई! राष्ट्राध्यक्षांना दीड पान आणि पोटच्या पोराला कंस?

आधी जावईबापूंचं पिस्तूल निकालात काढते. तूच पुढं लिहिलंयस की तुम्ही अजून एच-वन-बीवर आहात, ग्रीन कार्डच्या रांगेत. मग हक्काची चर्चा तुमच्या घरापुरती इथंच थांबते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस विकत घ्यायलाच काय, जवळ ठेवायलाही मनाई आहे. टेक्सासनं २०२१च्या सप्टेंबरपासून विनापरवाना पिस्तूल बाळगू दिलं, ते खरं. पण ज्याला मुळात बंदूक ठेवता येते त्याच्यासाठी. दुकानात जो फॉर्म भरून घेतात त्यात व्हिसाचा प्रश्न असतोच आणि तिथं खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. ग्रुपवर कुणीतरी "शिकारीचं लायसन्स काढलं की चालतं" असं ज्ञान पाजळलेलं असणार. कायद्यात तशी पळवाट आहे, पण इतकी वर्षं रांगेत काढल्यावर व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्यावर ग्रीन कार्ड पणाला लावायचं नसतं. इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी उत्तर घ्या. तोवर दाराला चांगलं कुलूप, अंगणात दिवा आणि शेजाऱ्याशी ओळख, एवढं पुरे.

आता शनिवार.

परदेशातल्या आपल्या माणसांना मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आलेय आणि या सदराचे जुने वाचक आता हसतील: विचारा! आपल्याला कशाची भीती नसेल एवढी भीड आहे. पंगतीत मीठ कमी पडलं तरी मागायचं नाही, डॉक्टरला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आणि पोरगं ज्या घरात रात्रभर राहणार तिथं बंदूक कुठं असते हे तर मुळीच नाही, कारण "त्यांना काय वाटेल". आमची आई त्यावर म्हणायची, भिडे भिडे पोट वाढे. तेव्हा हसायचो आम्ही.

आकडे घाबरवायला सांगत नाही, पण माहीत हवेत. २०२० पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वयाची मुलं सगळ्यात जास्त दगावतात ती बंदुकीनं. मोटार अपघात मागं पडले. २०२१ मध्ये त्या देशात ४८ हजारांवर माणसं बंदुकीनं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त, २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. म्हणजे ज्या चोराच्या भीतीनं पिस्तूल घरात येतं तो बऱ्याचदा येतच नाही. येते ती घरातल्याच एखाद्याची वाईट संध्याकाळ. शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलांनी बंदूक आणली कुठून हे बघायला गेलं तर बहुतेक वेळा आपल्या किंवा नातेवाइकाच्या घरातून. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड इथं ३० नोव्हेंबर २०२१ ला एका पंधरा वर्षांच्या मुलानं शाळेत चार जणांचा जीव घेतला. पिस्तूल बापानं चारच दिवस आधी विकत आणलेलं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या टेक्सासमध्येही सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हाच आहे. तेव्हा तू विचारतेस ते त्या गृहस्थांच्याही भल्याचं.

कसं विचारायचं? सरळ. आम्ही ओहायोत होतो तेव्हा आमच्या धाकट्याचं असंच मित्राकडे जाणं-येणं सुरू झालं. मी त्या मित्राच्या आईला फोन केला: याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे कुत्रा आहे का, पोहायचा तलाव आहे का, आणि बंदूक असेल तर ती कुलपात असते ना? एका दमात. बाई क्षणभर गप्प. मग म्हणाली, या ना, बघून जा. तळघरात नेऊन लोखंडी तिजोरी दाखवली, गोळ्यांचा डबा वेगळ्या कपाटात आहे तेही दाखवलं, वर कॉफी पाजली. आमचे हे गाडीत बसून राहिले होते, लाजेनं. त्या बाईचं दर नाताळात कार्ड यायचं.

समजा तुझ्या त्या चांगल्या माणसांना राग आलाच, तर पोरांना आपल्या घरी झोपायला बोलाव. थालीपीठ कर. प्रश्न मिटला.

आणि मी काही बंदुकीच्या नावानं कानावर हात ठेवणारी बाई नाही. माझे वडील फौजेतून निवृत्त होऊन पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आले तेव्हा त्यांनी पीक राखायला बारा बोरचा परवाना काढला. रानडुकरं भुईमुगात घुसली की एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं करायची. बंदूक वडिलांची, काडतुसं मात्र आईच्या ताब्यात. पितळी डब्यात घालून डबा तिच्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्या कनवटीला. रात्री कुत्री भुंकायला लागली की वडिलांना आधी आईला उठवावं लागायचं. ती डोळे चोळत उठायची, दोन काडतुसं मोजून हातावर ठेवायची. सकाळी दोन काडतुसं नाहीतर दोन रिकाम्या नळ्या परत आल्याशिवाय चुलीवर चहा चढायचा नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आज पालकांना सांगतात तेही हेच: बंदूक रिकामी, कुलपात, आणि गोळ्या निराळ्या कुलपात. आई तिसरी शिकलेली.

निवडणूक लागली की पोलीसपाटील निरोप आणायचा, बंदूक ठाण्यात जमा करा. वडील ती पोत्यात गुंडाळून एसटीनं पाटणला न्यायचे आणि पोचपावती पाकिटात जपून ठेवायचे. एवढा फौजी माणूस, पण सरकारनं आपला हक्क मारला असं त्यांना कधी वाटलं नाही. कुरकुर एवढीच की परत मिळते तेव्हा नळीला गंज चढलेला असतो.

जावईबापूंच्या प्रतिसरकारबद्दल. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी बंदुका घेतल्या, खरं आहे, आणि त्या का घेतल्या हेही आम्हाला कुणी शिकवायला नको. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं आपल्याला निःशस्त्र केलं होतं हा जावईबापूंचा मुद्दाही मला मान्य. पण गोष्ट अर्धीच का सांगायची? मी सांगलीत राहते. इथल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह निसटले, त्यांना गोळी लागली, दोन साथीदार जागीच गेले. स्वातंत्र्यानंतर त्याच दादांनी साखर कारखाना काढला आणि पुढं मुख्यमंत्री झाले. नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. शस्त्र हातात घेतलेल्या माणसांनी ते खाली ठेवून मतं मागितली, सभेत शेतकऱ्यांची बोलणी खाल्ली. रक्तातलं म्हणायचं तर तेही घ्या की रक्तात.

नेत्यांबद्दल माझं मत विचारलंयस, तर थोडक्यात. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला २८ एप्रिल १९९६ ला ३५ माणसं मारली गेली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड काही डाव्या विचारांचे नव्हते आणि खुर्चीत बसून दोन महिनेही झाले नव्हते. बारा दिवसांत त्यांनी सगळ्या राज्यांना एका कायद्यावर आणलं, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारनं विकत घेऊन मोडीत काढल्या. चिडलेले बंदूकवाले त्यांच्याच बाजूचे मतदार. त्यांच्यासमोर सभेला जाऊन ते बोलले. तुमच्या टेक्सासचंच बघ. उवाल्डीत २४ मे २०२२ ला शाळेतल्या गोळीबारात १९ लेकरं आणि दोन शिक्षिका गेल्या. शाळेपाशी एकूण ३७६ पोलीस जमले, सगळे हत्यारबंद, आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. जावईबापूंना विचार, बंदूक हातात असली की माणूस सुरक्षित कसा? त्यानंतर महिनाभरात केंद्रात जो कायदा झाला त्याच्या वाटाघाटीत टेक्सासचेच रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन होते. त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. कायदा तसा तोकडाच, एकवीसच्या आतल्या गिऱ्हाइकाची जास्त चौकशी वगैरे. पण आपल्या माणसांची हुर्यो सोसून काही करतो त्याला मी नेता म्हणते, पक्ष कुठला का असेना. समोरच्या पक्षाला शिव्या घालणं ग्रुपवर तुम्हालाही जमतं.

तुम्हाला तिथं मतदानाचा हक्क नाही, म्हणून गप्प बसायचं असं कुठं आहे? तुमच्या गावच्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत पालकांना बोलायला दोन-तीन मिनिटं देतात. मंडळातल्या दोन्ही तटांतल्या बाया मिळून जा आणि एवढंच विचारा, की बंदूक कुलपात ठेवा असं पत्र शाळा दरवर्षी घरोघर पाठवते का. याच्यात कुणाचा हक्क जात नाही. गणपतीला परत एकमेकांकडे जायला निमित्तही होईल.

आता उरलेलं. शाळेतल्या लॉकडाऊन ड्रिलनंतर (बंदूकवाला शिरला तर लपायचं कसं, त्याची तालीम) मुलगा रात्री झोपत नाही म्हणतेस: त्याला खोटा धीर देऊ नको, काय काय केलं ते त्याच्याकडूनच ऐकून घे, अधेमधे बोलू नको. महिना झाला तरी तसंच असेल तर शाळेच्या समुपदेशकाला भेट. मार्कांवरून त्याला आत्ता छेडायचं नाही, हे जावईबापूंनाही सांग. आणि कुणाचंही मन फारच खचलंय असं वाटलं तर ९८८ हा तिथला मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो, फ्रिजवर लिहून ठेव.

सासूबाईंचा विमा त्या इकडून निघायच्या आधी काढ, जुन्या आजारांचं कलम वाच.

मुलीचं मराठी: तिच्याशी मराठीत बोला, आणखी काय सांगू.

शाळूचं पीठ तिथं पंधरा दिवसांत कडू होतं म्हणतेस. थोडंथोडं आण, फ्रीजरमध्ये ठेव, आणि भाकरी करताना पाणी कडकडीत घे. पण हे सगळं नंतर. शनिवारच्या आत त्या मित्राच्या आईला फोन कर, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.