हृदयविकाराचा झटका आल्यावर तातडीच्या विभागात नेमके काय होते? पुण्यातील माझा अनुभव

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. झटका आलेल्या माणसाला रुग्णालयात नेल्यावर पहिल्या तासाभरात काय केले जाते, त्याला ते कळत असते का, आणि भोरला राहणाऱ्या आपल्या वडिलांना तसे काही झाल्यास थेट पुण्याला आणावे की आधी तिथेच दाखवावे. मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बरीच वर्षे मधुमेह असलेली, कोथरूडला राहणारी बाई आहे. पुढे जे लिहिते आहे, त्यातले काही मी स्वतः सोसलेले आहे आणि काही नंतर माझ्या हृदयरोगतज्ज्ञांना खोदून खोदून विचारून समजून घेतलेले आहे.

मला अखेरपर्यंत पूर्ण शुद्ध होती. त्या तासाभरात माझ्या अंगावर बरेच काही केले गेले, पण मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच होता: त्रास नेमका केव्हा सुरू झाला? दारातल्या मावशींनी तो विचारला, सिस्टरनी विचारला, तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी विचारला आणि शेवटी कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, मास्क लावलेल्या तज्ज्ञांनीही विचारला. तेव्हा मला वाटले की या लोकांचे आपसात काही बोलणेच होत नसावे. पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच उत्तरावर ठरत होती, हे मला नंतर समजले.

माझ्या सुदैवाने उत्तर पक्के होते. रविवारची सकाळ होती, आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या नुकत्या सुरू झाल्या होत्या आणि माझा खालचा जबडा एकदम जड झाला. मग दोन्ही खवाट्यांच्या मधोमध दुखू लागले, मळमळ सुटली आणि पंख्याखाली बसूनही पदर भिजेल इतका घाम आला. छातीवर हात दाबून खाली कोसळणे वगैरे काहीही झाले नाही. स्त्रियांमध्ये आणि जुना मधुमेह असलेल्यांमध्ये झटका पुष्कळदा असा आडवाटेने येतो, त्यामुळे केवळ छातीतल्या कळेची वाट पाहत बसू नये.

मुलाने सवयीने स्कूटरची किल्ली उचलली होती. पुणेकराला दुचाकीवाचून काही सुचत नाही हे खरे, पण या आजारात पहिल्या तासात हृदयाचे ठोके अचानक बेताल होऊन रक्ताभिसरण थांबण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. तसे झाल्यास विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करावे लागतात, आणि ते स्कूटरवर कोणालाही शक्य नाही. शेजाऱ्यांची मोटार खाली उभी होती आणि रविवारी सकाळी कर्वे रस्ता रिकामा असतो, म्हणून आम्ही मोटारीने गेलो. तोच प्रकार आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी दहा वाजता नळ स्टॉपच्या गर्दीत घडला असता, तर १०८ ची गाडी बोलावणेच शहाणपणाचे ठरले असते. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या या सेवेत डॉक्टर सोबत येतात, आणि प्राणवायू व औषधे गाडीतच मिळतात.

निघताना शेजाऱ्यांनी अगदी मायेने सॉर्बिट्रेटची गोळी पुढे केली. आपल्याकडे पन्नाशीपुढच्या प्रत्येक घरात ती असतेच. मुलाने फोनवर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी ती देऊ नका, ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या आणि तडक निघा, असे सांगितले. याचे कारण तातडीच्या विभागात कळले. माझा रक्तदाब बराच खाली गेला होता, आणि सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करून तो आणखी खाली नेते. हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका असेल आणि त्यात उजवा कप्पा सापडला असेल, तर ही गोळी जिवावर बेतू शकते. ॲस्पिरिनसुद्धा कोणाला तिची ॲलर्जी असेल किंवा पोटात रक्तस्राव होत असेल तर चालत नाही, म्हणून फोनवर विचारून घेणे केव्हाही बरे.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आत गेल्यावर मला चाकांच्या खुर्चीतून सरळ खाटेवर घेतले, पडदा ओढला आणि कोणी नाव लिहून घेण्याआधी ईसीजी काढला. पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा, असा दंडक आहे. छातीच्या डाव्या बाजूच्या तारा लावून एक कागद निघाला, तो पाहून डॉक्टरांनी त्याच तारा उजव्या बाजूला लावून दुसरा काढायला सांगितला, आणि मी मनात म्हटले की यांचे यंत्र बिघडलेले दिसते. वास्तविक, खालच्या बाजूचा झटका दिसल्यावर उजवा कप्पा तपासण्यासाठीच तो काढतात. पायजमा-सदरा घालणाऱ्या पुरुषापेक्षा साडीतल्या बाईला या वेळी अधिक अवघडल्यासारखे होते. मात्र सिस्टर सराईत होत्या, चादर टाकून त्यांनी क्षणात सारे उरकले. उजव्या हातातल्या बांगड्याही त्यांनीच उतरवल्या, कारण पुढे मनगटातल्या रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रक्तवाहिनीतून, नळी घालायची होती.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. एका हाताला सलाईन लावले, दुसऱ्या हातातून रक्त काढले, बोटाला टोचून साखर पाहिली, आणि तोंडात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा मोठा डोस व कोलेस्टेरॉलची एक गोळी दिली. सोबत प्रश्नांचा भडिमार: पूर्वी पक्षाघात झाला होता का, अल्सर आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या घेता. मरणाच्या दारात ही चौकशी कशाला, असे रुग्णाला वाटते, पण रक्त पातळ करणारे औषध देण्यापूर्वी रक्तस्रावाचा धोका तपासावाच लागतो. रक्ताच्या अहवालासाठी मात्र कोणी थांबले नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे ट्रोपोनिन रक्तात वाढायला काही तास लागतात, त्यामुळे लवकर पोहोचलेल्या माणसाचा पहिला अहवाल निर्दोषही येऊ शकतो. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असेल तर उपचार त्यावरच सुरू होतात. ईसीजी संदिग्ध असेल, तर मात्र तो पुन्हा पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनही काही वेळाने परत तपासतात. तसे झाल्यास उगाच ताटकळत ठेवले म्हणून नातेवाइकांनी आवाज चढवू नये.

आता त्या वारंवार विचारलेल्या प्रश्नाकडे येते. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी रक्ताच्या गुठळीने बंद झाल्यापासून हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वांत चांगले काम करते आणि १२ तासांनंतर सहसा दिले जात नाही. फुग्याने रोहिणी उघडणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, हा सोय असेल तिथे अधिक चांगला उपाय आहे, आणि त्यासाठी रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांची मर्यादा मानतात. रविवार असल्याने कॅथलॅबची मंडळी आपापल्या घरी होती. पहिला ईसीजी हाती पडताच तातडीच्या विभागाने त्यांना फोन केले, आणि ती येईपर्यंत माझी तयारी पूर्ण झाली होती.

पैशांचा प्रसंग टळला नाही. संमतीपत्रावर माझे यजमान सही करत असतानाच खिडकीवरच्या माणसाने अनामत रक्कम आधी भरा, असे ऐकवले. तरुण डॉक्टरांनी त्याच्याकडे न पाहता खाट ढकलायला लावली, हे त्यांचे मोठेपण. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना आहे. त्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार देणे अशा रुग्णालयांवर बंधनकारक आहे, आणि निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांकडून अनामत मागता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो, आणि तातडीच्या वेळी फोनवर कळवूनही उपचार सुरू करता येतात. रोहिणी उघडी राहावी म्हणून आत बसवतात त्या जाळीच्या, म्हणजे स्टेंटच्या, किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, त्यापूर्वी औषध लावलेल्या एका स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजावे लागत असे. त्यामुळे घरातल्या एकाने खिडकीवर जावे आणि दुसऱ्याने रुग्णाजवळून हलू नये, एवढी विभागणी वाटेतच करून ठेवावी.

कॅथलॅब अतिशय गार असते. मनगटाला भूल देण्याची सुई टोचली तेवढीच दुखली, नळी आत सरकताना काही जाणवले नाही, आणि रोहिणी दिसावी म्हणून सोडलेल्या द्रवाने कोमट पाणी अंगभर फिरावे तशी ऊब पसरली. समोरच्या पडद्यावर माझी उजवी रोहिणी मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. रुग्णाला जागे ठेवूनच हे करण्याची रीत सुरुवातीपासूनची आहे. १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या रोहिणीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही रुग्ण जागाच होता. रोहिणी उघडल्यावर माझे ठोके काही क्षण फार मंदावले, डोळ्यांपुढे अंधारी आली, सलाईनमधून काहीतरी दिले गेले आणि ते सावरले. बंद पडलेला प्रवाह अचानक सुरू झाला की असे होऊ शकते. जबड्यातले दुखणे मात्र त्या मिनिटाला थांबले. सकाळपासून ते सतत होते, म्हणून त्याचे थांबणे मला इतके स्वच्छ आठवते.

आता आपल्या वडिलांविषयी. भोरहून कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रज असे करत पुण्यातल्या कॅथलॅबपर्यंत पोहोचायला दीड तास सहज लागतो, आणि मुसळधार पाऊस किंवा सुट्टीची गर्दी असेल तर त्याहूनही अधिक. झटक्याचे निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. त्यासाठीचे टेनेक्टेप्लेस हे औषध वजनाप्रमाणे एकाच वेळी शिरेतून देता येते. म्हणून जवळचे रुग्णालय ओलांडून वडिलांना मोटारीत घालून सरळ पुण्याकडे धावणे मला योग्य वाटत नाही. आधी तिथे ईसीजी काढावा, त्याचा फोटो पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवावा, आणि इंजेक्शन द्यायचे की तडक निघायचे हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना ठरवू द्यावे. भोरमध्ये रात्री-अपरात्री ईसीजी कुठे निघतो आणि हे इंजेक्शन कुठे ठेवलेले असते, याची चौकशी मात्र आजच करावी, कारण त्या वेळी ती करायला सवड नसते.

वडील एकटे राहतात, असे आपण लिहिले आहे. तेव्हा शेजारच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे घराची किल्ली द्यावी. चालू औषधांची नावे व ॲलर्जी लिहिलेला कागद वडिलांच्या खिशात असू द्यावा. त्यांचा एखादा जुना, बरे असतानाचा ईसीजी असेल तर त्याचा फोटो आपल्या आणि त्या शेजाऱ्याच्या फोनमध्ये ठेवावा. नव्या ईसीजीतला बदल ताजा आहे की पूर्वीचाच, हे डॉक्टरांना जुना ईसीजी नव्याबरोबर ताडून लगेच ओळखता येते.