क्षमा केली आहे, मग लिहिताना हात का थांबतो?

"क्षमा तर मी केव्हाच केली आहे. आता ते सगळं कादंबरीत पुन्हा लिहायचं म्हणजे दिलेली क्षमा परत घेतल्यासारखंच झालं ना?"

भायखळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पन्नाशीला आलेल्या शिक्षिका बाई कादंबरीबद्दल बोलायला माझ्याकडे आल्या, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी हे विचारलं. ख्रिस्ती बायका स्वतःच्या जगण्यातून कथा-कादंबरी लिहायला बसल्या की थोड्याफार फरकाने याच ठिकाणी अडतात. कुणाला सासरच्यांची धास्ती, कुणाला मंडळीच्या नावाची. म्हणून बाईंच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव इथे मांडत आहे.

झालं होतं असं. १७ वर्षांपूर्वी गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यात त्यांचं बाळ गेलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझा विश्वास कमी पडला." सहा महिन्यांनी महिला मंडळाच्या सभेत त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाने कसं सावरलं ते सर्वांसमोर सांगायला, उभं केलं गेलं. प्रभूने माझं सांत्वन केलं, असं त्या बोलल्या. बायकांनी डोळे पुसले, मग चहा झाला. हीच साक्ष पुढे त्यांनी आणखी चार-पाच ठिकाणी दिली. कादंबरीची पहिली सहा प्रकरणं भराभर झाली. सातव्यात, दवाखान्यातल्या रात्रीपाशी, पेन थांबलं. झोप उडाली. रविवारी उपासनेला सासूबाईंच्या शेजारी बसवेना.

आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. बायबलमधल्या उत्पत्तीच्या ४५ व्या अध्यायात योसेफ भावांना ओळख देतो तेव्हा स्पष्ट सांगतो की तुम्ही ज्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विकलंत तोच मी. त्याच दमात तो त्यांना जवळ बोलावतो, दुःख करू नका म्हणतो. विकण्याचं नाव घेतल्याने त्याची क्षमा उणी होत नाही. उलट काय घडलं हे सांगितल्याशिवाय कशाची क्षमा केली हेच कळत नाही. बाईंना हे पटलं, तरी हात चालेना. म्हणजे अडचण निव्वळ श्रद्धेची नव्हती, लिखाणात कुठेतरी होती.

सहाही प्रकरणं वाचल्यावर ती दिसली. प्रत्येक प्रकरण बायबलच्या एका वचनाने संपत होतं. नायिका कोसळते, गुडघे टेकते आणि पान उलटायच्या आत सावरते. ही साक्षेची घडण आहे. साक्ष देणारीला शेवट आधीच ठाऊक असतो, कारण ती त्या शेवटावर उभी राहूनच बोलत असते. कादंबरीतल्या बाईला दुसऱ्या प्रकरणात नवव्याची खबर असता कामा नये. वर्षानुवर्षं एकच साक्ष दिली की आठवणीही त्याच साच्यात बसतात, आणि त्या साच्यात न मावणारी रात्र आली की लेखणी अडते. बाईंचं तेच झालं होतं. साक्ष फार लवकर मागितली गेली होती.

यावर बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचायला दिलं, या वेळी कथाकाराच्या नजरेने. चार अध्याय, ८५ वचनं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग संवादांचा. देव त्यात एकदाही स्वतः बोलत नाही. पहिल्या अध्यायात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी, रूथची सासू, सरळ म्हणते, मला नामी म्हणू नका, 'मारा' म्हणजे 'कडू' म्हणा. तिथे कुणी तिला गप्प करत नाही, आणि चौथ्या अध्यायात तिच्या मांडीवर नातू येणार आहे याचा तिला पत्ताही नसतो. जोडीला ८८ वं स्तोत्र, जे अंधारातच संपतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिवा लावायलाच हवा, असा दंडक पवित्र शास्त्रानेही घातलेला नाही. वचनांबद्दल माझं मत ठाम आहे: अख्ख्या कादंबरीत पाच-सहा जागी पुरेत, आणि तीही पात्राच्या तोंडी, त्या क्षणी तिला खरोखर आठवतील अशी.

मग पत्र. ज्या माणसाने वाचून खजील व्हावं असं मनात असतं, त्याला उद्देशून लिहिलेला मजकूर कादंबरीत नकळत घुसतो आणि प्रसंगांचे खटले होतात. तो आधी बाहेर काढावा लागतो. सुट्या कागदावर, न पाठवण्याचं पत्र, मी-तुम्ही करून. बाईंनी सासूबाईंना लिहिलं, ते अर्ध्या पानात संपलं. त्या स्वतःच चकित झाल्या. तेव्हा सहा प्रकरणांतली एक गोष्ट त्यांच्यासमोर ठेवली: नायिकेच्या नवऱ्याला त्यात एकही वाक्य नाही. तो ऑफिसातून येतो, जेवतो, झोपतो. दुसरं पत्र त्याला लिहायचं ठरलं. ते ११ पानांचं झालं. क्षमा केलेल्यांच्या यादीत नवरा कधी आलाच नव्हता, कारण त्याने बोलून काही दुखावलंच नव्हतं. तो फक्त गप्प राहिला होता.

पत्रांसाठी वेळ बांधून दिली होती: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, नंतर बंद. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांवर जे प्रयोग केले त्यांतली ही पद्धत. लिहून उठल्यावर मन आणखी जड होतं, फायदा नंतरच्या आठवड्या-महिन्यांत दिसतो. हे आधी सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्याच दिवशी बाई घाबरून सोडून देते. आणि जे लिहिताना आपण पार कोसळू असं वाटतं ते आज लिहायचं नाही, हा नियमही त्यांचाच. झोप दोन आठवडे परत आली नाही, किंवा जगणं नको वाटू लागलं, तर वही मिटून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ वर २४ तास मिळते.

चार दिवसांनंतर ते कागद कादंबरीच्या वहीत ठेवायचे नाहीत. दोन खोल्यांच्या घरात वही कुणाच्याही हाती लागते. बाईंनी पत्रं शाळेच्या कपाटात कुलपात ठेवली आणि कादंबरी मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला लिहिली. आठवड्याला तीन बैठका, दर बैठकीला ३५० ते ४०० शब्द. या गतीने ५०,००० शब्दांचा कच्चा खर्डा दहा-अकरा महिन्यांत होतो. घाई करणाऱ्या बहुतेक जणी तिसऱ्या महिन्यात थकतात.

सातवं प्रकरण कडेकडेने लिहायचं ठरलं. त्या रात्रीच्या आधीचा टॅक्सीतला प्रवास, नंतर सकाळचा चहा, आणि मधे एक कोरं पान ज्यावर फक्त "इथे ती रात्र". त्याआधी वॉर्डातल्या २० वस्तूंची यादी. पहिल्या मसुद्यात वेदना, अश्रू, काळोख असेच शब्द होते. यादीत आले ते पंख्याची टकटक, गाऊनची तुटलेली नाडी, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा स्टीलचा डबा आणि महिना न उलटलेलं कॅलेंडर. कोरं पान भरायला सात आठवडे लागले. आधी ते "मी" म्हणून लिहिलं, आठवड्याने तो कागद न बघता "ती" म्हणून. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर जे फक्त पहिल्यात उरलं त्यातलं बरंच स्वतःसाठी होतं, वाचकासाठी नव्हतं.

सासूच्या पात्राचं दुखणं वेगळं. ती फक्त ते एक वाक्य बोलायला दारात यायची. नुसतं घाव घालण्यापुरतं येणारं पात्र लाकडी होतं. तिला चांगली करा असं सांगितलं नाही, तशी सक्ती खोटी वाटते. तिच्या हाताला काम द्या आणि त्या घटकेला तिला काय हवंय ते ठरवा, एवढंच. नव्या खर्ड्यात ती मेथी निवडत बसली आहे आणि शेजारीण यायच्या आत तिला हे बोलणं मिटवायचं आहे. तेच वाक्य आता जास्त लागतं.

ओळख लपवण्याची बाजू इथे नाजूक असते. मुंबईतल्या मराठी मंडळ्या लहान, घराघरांत सोयरिकी. बाईंनी नावं बदलली होती आणि भायखळ्याचं दादर केलं होतं. त्याने काही होत नाही. नोकरी, वय, भावंडांची संख्या, अंगकाठी, घटनेचं वर्ष यांतलं निदान तीन बदलायचं, आणि शक्य तिथे दोन माणसांचं एक पात्र करायचं. आतली गाठ मात्र तशीच ठेवायची. मग मंडळीतल्या एका विश्वासू बाईला दोन प्रकरणं वाचायला देऊन विचारायचं, "ही कोण वाटते?" तिने पटकन नाव घेतलं तर आणखी बदल हवेत. "सर्व पात्रे काल्पनिक" हे वाक्य छापल्याने, माणूस ओळखू येत असेल तर, सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानी गुन्हा आहे, आणि तिथे मजकूर खरा असणं एवढंच पुरत नाही, तो लोकहितासाठी असावा लागतो.

खऱ्या नावांनीच सांगायचं असेल तर तो आत्मचरित्राचा रस्ता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ सालचा, त्यांचे पती, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक वारल्यानंतर १५ वर्षांनी आलेला. दुसरा रस्ता कृपाबाई सत्यनाथन यांचा. अहमदनगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या कृपाबाईंनी आपल्याच घराची गोष्ट इंग्रजी कादंबरीत लिहिली आणि नायिकेला 'सगुणा' नाव दिलं. बाईंनी हा दुसरा रस्ता धरला.

गीतं आणि वचनं छापण्याबद्दल थोडक्यात: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. १९१९ मध्ये वारलेल्या ना. वा. टिळकांच्या ओळी आता मोकळ्या आहेत. बायबलची अलीकडची भाषांतरं वापरायची तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी.

सातवं प्रकरण पुरं झाल्यावर ते नवऱ्याला दाखवायचं का, यावर आम्ही तीन भेटी बोललो. पूर्ण खर्डा होईपर्यंत घरच्यांना दाखवू नये असं माझं सांगणं असतं, कारण पहिल्या "असं नव्हतंच"ने लिखाण थांबतं. बाईंनी दाखवलं. त्यांनी वाचलं, बराच वेळ पानं हातात धरून बसले आणि म्हणाले, "मी खाली आवारातल्या बाकावर होतो. वर सोडत नव्हते. पहाटेपर्यंत होतो."

१७ वर्षांत हे पहिल्यांदा बोललं गेलं. पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, बाक आता प्रकरणात घालू का? खूप विचार करून त्यांनीच ठरवलं, नाही. त्या रात्री नायिकेला तो बाक दिसत नाही.