निकषांचा तक्ता पाळला की सातवीत पाठ केलेल्या निबंधालाच जास्त गुण पडतात. तक्ता सोडून द्यावा का? आणि हस्ताक्षराला गुण ठेवावेत का?

सोडू नका, त्यातले शब्द बदला. ‘समर्पक आशय’, ‘प्रभावी भाषाशैली’ असं लिहिलेला तक्ता गाइडच्याच बाजूने कौल देणार. हे शब्द वाचले की बहुतेक शिक्षकांच्या डोळ्यांपुढे गाइडमधलाच निबंध उभा राहतो.

मी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात मराठी शिकवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथले आईबाप ऊसतोडीला निघतात. काही पोरं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. प्रथम सत्राला ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध होता, दहा गुणांचा: आशय 4, मांडणी 2, भाषाशैली 2, शुद्धलेखन 2. एका मुलीने लिहिलं होतं, “मला पावसाळा आवडतो. कारण तवा कारखाना बंद आसतो आन आई घरी आसती. रातच्याला छप्पर गळतं. आई भांडं भरलं की वतून येती आन परत ठिवती. मी जागीच आसते पन झोपल्यावानी करते.”

आमच्या एका ज्येष्ठ सरांनी तिला 3 गुण दिले. पावसाळ्याचं वर्णन नाही आणि भाषा अशुद्ध, हे कारण. त्याच गठ्ठ्यात ‘सृष्टी हिरवा शालू नेसते, बळीराजा सुखावतो’ हे वाक्य वहीमागून वही येत होतं आणि त्यांना 8, 9 पडले होते. मी भांडले. सर म्हणाले, “बाई, भावनेवर गुण देता येत नाहीत.”

हे मला आजही पटत नाही. कसली भावना? तिने आवड सांगितली, तिचं कारण सांगितलं आणि ते डोळ्यांना दिसेल अशा तपशिलाने दाखवलं. सरांच्याच तक्त्याने मोजलं तरी आशयाचे चारपैकी चार होतात. शालू नेसणाऱ्या सृष्टीत त्या पोरांचं स्वतःचं एक वाक्य दाखवा म्हटलं, तर सरांना दाखवता आलं नाही.

म्हणून प्रत्येक पातळीपुढे असं वाक्य लिहा, जे वहीत बोट ठेवून दाखवता येईल. आशयाच्या 4 गुणांपुढे ‘स्वतः पाहिलेली किमान एक गोष्ट तपशिलासह आहे, आणि मत मांडलं तिथे कारण दिलंय’. 2 गुणांपुढे ‘मत आहे, कारण नाही’. तेच वाक्य बऱ्याच वह्यांत दिसलं तर त्याला भाषाशैलीचा गुण नाही. शुद्धलेखनात एका प्रकारची चूक एकदाच मोजा. ‘आसती’ पाच वेळा आलं म्हणून पाच चुका होत नाहीत. आणि तपासणीआधी त्याच चार-पाच वह्या दोघांनी वेगवेगळ्या तपासा, मग गुण शेजारी ठेवून बोला. जिथे दोन गुणांहून जास्त फरक पडतो, तिथे तक्त्यातलं वाक्य ढिलं आहे असं समजा.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या. सातवीला आकारिक (वर्गात शिकताना सतत होणारं मूल्यमापन) 40 आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 60 असा भारांश आहे. पण ‘लेखन चांगले आहे’ हीच नोंद सगळ्या पोरांपुढे उतरवली तर त्या 40 ला काय अर्थ राहतो? त्या मुलीपुढे मी लिहिलं, ‘कारण देऊन लिहिते, प्रसंग नेमका टिपते, प्रमाण क्रियापदांचा सराव हवा.’

हो, तो सराव हवाच. बोलीत लिहिलेलं सगळं चालवून घ्या असं मी म्हणत नाही. औपचारिक पत्र, बातमी, अर्ज यांना प्रमाणभाषा लागते, आणि तिथे मी भाषेचे गुण कापतेही. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा आता पुन्हा निर्णायक झाली आहे, त्यामुळे आठवीला जाण्याआधी ही तयारी व्हायला हवी. फक्त ती ‘शुद्धलेखन’ या रकान्यातच मोजा. अशुद्ध लिहिलं म्हणून आशयाचेही गुण कापणं म्हणजे एकाच चुकीची दोनदा शिक्षा, आणि सरांनी नेमकं तेच केलं होतं.

हस्ताक्षराचं विचारलंय. त्याला निबंधात गुण ठेवू नका.