अल्टरनेटर मोठा, तरी बॅटरी अर्धीच

प्रश्न : पिकअप ट्रकवर बसवलेल्या आमच्या कॅम्परमध्ये (राहण्याच्या खोलीत) १०० अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, १५० अँपिअरचा असूनही दिवसभराच्या प्रवासात त्या पूर्ण चार्ज होत नाहीत. याहून मोठा अल्टरनेटर बसवावा का?

उत्तर : अल्टरनेटर बदलण्याची घाई करू नये. १५० अँपिअर ही त्याची कमाल क्षमता झाली. बॅटरी प्रत्यक्षात किती करंट घेईल, हे तिच्या टर्मिनलपर्यंत पोहोचणाऱ्या व्होल्टेजवर ठरते. इंजिनापासून कॅम्परपर्यंतचे अंतर सात मीटर धरले, तर जाण्यायेण्याची मिळून १४ मीटर वायर होते आणि ती ६ चौरस मिलिमीटरची असल्यास २० अँपिअर वाहताना वाटेतच सुमारे ०.८ व्होल्ट खर्ची पडतात. अल्टरनेटरजवळ १४.२ व्होल्ट असले, तरी बॅटरीपाशी १३.४ च उरतात. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरण्यासाठी साधारण १४.४ व्होल्ट काही तास टिकावे लागतात.

आधी मल्टीमीटरने खात्री करून घ्यावी. इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरजवळ आणि कॅम्परच्या बॅटरीवर, अशा दोन्ही ठिकाणी व्होल्टेज मोजावे. मात्र त्या वेळी बॅटऱ्या निम्म्या तरी उतरलेल्या असाव्यात, कारण भरलेली बॅटरी करंटच घेत नाही आणि वायरचा दोष झाकला जातो. सैल किंवा गंजलेला अर्थिंगचा जोड हाही नेहमीचाच गुन्हेगार.

वायर जाड केल्याने बराच फरक पडेल. १६ चौरस मिलिमीटरला तीच घट ०.३ व्होल्टवर येते. मात्र नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःच व्होल्टेज उतरवतात. तिथे नुसती जाड वायर पुरत नाही, कॅम्परच्या बॅटरीजवळ डीसी-टू-डीसी चार्जर बसवणे हाच खरा उपाय. येणारे व्होल्टेज कमी असले तरी तो बॅटरीला हवे तेवढे चढवून देतो. अर्थात त्याची भरपाई तो करंटमधून करतो : ३० अँपिअर देणारा चार्जर गाडीकडून ३५ हून अधिक ओढू शकतो, म्हणून वायर आणि फ्यूज त्या हिशेबाने निवडावेत. वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी असल्याने फ्यूजही दोन्हीकडे हवेत.

पुढे लिथियम बॅटरी घेणार असाल, तर हा चार्जर टाळू नये. अशी बॅटरी थेट जोडल्यास मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना, स्वतःच्या मंद फिरणाऱ्या पंख्याच्या अपुऱ्या हवेत, अल्टरनेटर तापून जळू शकतो.