'स्ट्रेन' म्हणजे ताण नव्हे, वाण

प्रश्न असा आला आहे: एखाद्या प्रदेशातल्या क्षयरुग्णांमध्ये सापडणाऱ्या जिवाणूंच्या जनुकीय विविधतेवर मराठीत लिहायचं तर 'स्ट्रेन'ला काय म्हणावं? 'प्रजाती' चालेल, की 'ताण'?

ताण तर मुळीच नको. 'क्षयाचा औषधांना दाद न देणारा ताण' असली वाक्यं वाचून वीट आला आहे. इंग्रजीत हे दोन निराळे शब्द आहेत, फक्त दिसायला सारखे. ताणाचा स्ट्रेन लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, मूळ अर्थ आवळणं. जिवाणूंचा स्ट्रेन जुन्या इंग्रजीतला, अर्थ मिळकत आणि संतती. यंत्राने भाषांतर करून न वाचता छापलं की एकाचा अर्थ दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. 'प्रजाती'ही चूक. क्षयाचा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस ही एकच प्रजाती आहे आणि हे सगळे भेद तिच्या पोटातले आहेत. (त्याला 'विषाणू' म्हणणाऱ्यांशी तर बोलणंच खुंटलं.)

'वाण' म्हणा. बाकीचे अर्थ सोडून देतो. हा वाण पुल्लिंगी, आणि त्याचं मूळ 'वर्ण'. वर्ण, प्राकृतात वण्ण, मराठीत वाण. पण इथे एक गंमत आहे. कर्णाचा कान झाला, पर्णाचं पान, चूर्णाचा चुना, जीर्णाचं जुनं. प्राकृत 'ण्ण'चा मराठीत 'न' होतो, हा नियम. मग वर्णाचा 'वान' व्हायला हवा, आणि बोलीत तो तसा आहेच! 'वान' ऐकून नाक मुरडणाऱ्या शुद्धलेखनवाद्यांनी आधी स्वतःचा कान 'काण' म्हणून लिहून दाखवावा. माझं मत असं की 'वाण'मधला ण डोळ्यांपुढच्या संस्कृत 'वर्ण'कडे पाहून मागाहून चिकटवलेला आहे. 'सोन्यावानी'तला वानी आणि नमुना या अर्थाची 'वानगी' हीसुद्धा मी याच घरची मानतो.

म्हणजे वाण हा मुळात रंग. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीत तोच अर्थ अजून जिवंत आहे. क्षयजिवाणूला ही म्हण अर्धीच लागू पडते, आणि ते अर्ध अप्रतिम आहे. वाण ओळखण्याच्या स्पॉलिगोटायपिंग या पद्धतीत जिवाणूच्या डीएनएतले ४३ ठरावीक तुकडे तपासतात. तुकडा असेल तिथे पटलावर काळा ठिपका, नसेल तिथे कोरी जागा. काळ्या-कोऱ्याची ही ओळ म्हणजे त्या जिवाणूचा शब्दशः वर्ण! एकदा गेलेला तुकडा परत येत नाही, कारण हे जिवाणू शेजाऱ्याशी जनुकांची देवाणघेवाण करत नाहीत. इतर कित्येक जिवाणू औषधरोधाचं जनुक शेजाऱ्याला सहज देऊन टाकतात. तिथे गुण लागतो. क्षयाच्या जिवाणूला वाणही लागत नाही आणि गुणही नाही. जे बदलतं ते त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या उत्परिवर्तनाने, आणि ते वारशाने पुढे जातं.

म्हणूनच त्यांची वंशावळ इतकी स्वच्छ मांडता येते. वाणांच्या वर 'कुळं' ठेवा. पहिलं कूळ हिंदी महासागराभोवतीचं, दुसरं पूर्व आशियाई, ज्यात प्रसिद्ध बेइजिंग वाण येतो. तिसऱ्याचा पसारा उत्तर भारतापासून पूर्व आफ्रिकेपर्यंत, आणि चौथं युरोप-अमेरिकेतलं म्हणून ओळखलं जातं. दक्षिण भारतात पहिल्याचा भरणा, उत्तरेत तिसऱ्याचा. प्रदेशाची विविधता मोजायची ती अशी: कुळं किती, त्यांत वाण किती, आणि एकच वाण किती रुग्णांत सापडतो. शेवटचा आकडा फुगलेला असेल तर संसर्ग ताजा आणि आपसात पसरतो आहे असा संशय घेतात.

'स्ट्रेन'साठी वाणाऐवजी 'प्रभेद' सुचवणारे परिभाषाकार म्हणतात, वाण माणसाने निवडून वाढवलेला असतो, जिवाणूला तो शब्द कसा लावावा? औषधरोधी वाण कोणी निवडले मग? अर्धवट उपचारांत रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाने साधे जिवाणू मरतात आणि आरपीओबी नावाच्या जनुकात बदल झालेले उरतात. तेच वाढतात, तेच पुढच्या माणसाला लागतात. बियाणं निवडण्याहून हे वेगळं कसं, ते प्रभेदवाल्यांनी सांगावं.