दशांश चोख, पण मजुरी थकलेली: हे ढोंग का?

प्रश्न नवापूरकडचा: मंडळीत (चर्चमध्ये) दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चोख देणारा शेतकरी कापूस वेचणीची मजुरी मात्र महिनोन्‌महिने थकवतो. याला बायबल ढोंग म्हणतं का?

हो, अगदी नेमकं हेच. मत्तय 23:23 मध्ये येशू पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश काढणाऱ्यांना ढोंगी म्हणतो, कारण न्याय, दया आणि विश्वास त्यांनी सोडून दिले. दशांश चुकीचा नाही; तोही सोडू नये, असं त्याच वचनात आहे. ‘ढोंगी’साठीचा मूळ ग्रीक शब्द नटासाठीचा, म्हणजे मुखवटा लावून वावरणारा. चुकणारा प्रत्येक जण ढोंगी नसतो (हा फरक उपदेशात बरेचदा गळतो). मजुरीबद्दल तर याकोब 5:4 थेटच बोलतं: अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे.

याचा धोका लूक 12:1 मध्ये सांगितला आहे. ढोंग म्हणजे खमीर. चिमूटभर पडलं तरी सगळं पीठ फुगतं. पोरं बघतात नि तेच शिकतात.

त्या शेतकऱ्याशी बोलायचं तर मत्तय 18:15-17 प्रमाणे आधी एकट्यानं जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. जाताना वेचलेल्या किलोंचा हिशेब तारखेवार लिहून न्या. नुसत्या वचनांवर वाद रंगतो, मजुरी राहते बाजूला.