पानाची डावी बाजू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा नातू ९ वर्षांचा आहे. सूनबाई 'रँच' नावाची बाटली आणते. गाजर, काकडी, अगदी थालीपीठसुद्धा तो त्यात बुडवून खातो आणि मी केलेली कोशिंबीर पानात तशीच राहते. परवा म्हणाला, "आजी, तुझ्या सॅलडला ड्रेसिंगच नसतं!" हे ड्रेसिंग प्रकरण आलं कुठून? आणि या पोराच्या जिभेचं काय करू?
— एक आजी, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : अहो आजी, तुमचा नातू लसणीचा मठ्ठा खातोय. फक्त त्याला ते माहीत नाही.

स्टीव्ह हेन्सन नावाचा गृहस्थ अलास्कात नळजोडणीच्या कामावर होता. तिथल्या कामगारांसाठी रांधताना त्याने ताक, मेयोनीज, लसूण, कांदा आणि थोडा हिरवा पाला असं काहीसं जमवलं. पुढे १९५४ च्या सुमारास त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक मळा घेतला. रँच म्हणजे गुराढोरांचा मळा, तेच नाव ड्रेसिंगला चिकटलं. पाहुणे जाताना बरण्या भरून मागायला लागले, तेव्हा त्याने मसाल्याच्या पुड्या टपालाने विकायला सुरुवात केली. घरी ताक आणि मेयोनीज घालायचं की झालं. १९७२ मध्ये हा धंदा क्लोरॉक्सने विकत घेतला. हो, तीच ती ब्लीच बनवणारी कंपनी.

बाकीच्या बाटल्यांचंही असंच. सीझर सॅलडचा रोमच्या बादशहाशी काडीचा संबंध नाही. सीझर कार्दिनी हा इटालियन खाणावळवाला मेक्सिकोतल्या तिहुआनात होता. अमेरिकेत दारूबंदी होती, म्हणून तिकडची मंडळी सीमा ओलांडून त्याच्याकडे यायची. १९२४ साली गर्दीच्या दिवशी सामान संपत आलं आणि घरात होतं त्यातून त्याने हे सॅलड केलं, असं त्याची मुलगी सांगायची. थाउजंड आयलंड या ड्रेसिंगचं नाव अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट लॉरेन्स नदीतल्या बेटांवरून पडलं. 'सॅलड' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या मिठावरून आलेला. म्हणजे मीठ लावलेला पाला! आपल्या पानात मीठही डावीकडे आणि कोशिंबीरही डावीकडे, शेजारी शेजारी.

आता "तुझ्या सॅलडला ड्रेसिंगच नसतं" याबद्दल. त्याला एकदा मोहरी फेसताना समोर बसवा. माझी आई दांडिया बाजारच्या घरी लाल भोपळ्याच्या भरितासाठी चमचाभर मोहरी खलात घ्यायची, गार पाण्याचे थेंब टाकत घोटायची आणि मधूनच खल आमच्या नाकाखाली धरायची. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, "फेसली." कोरड्या दाण्याला तो झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि झणका तयार होतो. गरम पाणी घातलंत तर तो उठतच नाही, म्हणून गारच घ्यायचं. फ्रेंच लोक तेल-व्हिनेगरमध्ये मोहरीचीच चटणी घालतात. चवीसाठी तर खरंच, पण मोहरीच्या सालातला बुळबुळीतपणा तेल आणि आंबट पाणी धरूनही ठेवतो. आमच्या शेजारच्या गुजराती काकी काकडीच्या रायत्यात राईच्या कुरिया, म्हणजे मोहरीची डाळ, घालायच्या. फ्रान्समधलं मोहरीच्या चटणीचं गाव दिजों, दांडिया बाजार आणि शेजारची चाळ, मोहरी सगळीकडे तीच.

जिभेचं म्हणाल, तर मी स्वतःच आरोपी आहे. आमच्या माहेरच्या कोशिंबिरीत साखर सढळ हाताने. बडोद्याचं पाणी, दुसरं काय! लग्न होऊन साताऱ्याकडच्या घरात आले. पहिल्याच रविवारी काकडी छान चोचवून घेतली, दाण्याचं कूट, दही, वर कढल्यातली हिंग-जिऱ्याची चरचरीत फोडणी. सासूबाईंनी एक घास घेतला आणि विचारलं, "ही कोशिंबीर आहे की शिकरण?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासरे काही बोलले नाहीत, वाटी पुढे करून पुन्हा वाढायला सांगितलं. आज माझ्या हाताला साखर अर्धी झाली आहे आणि हिरवी मिरची दुप्पट. माहेरी गेले की भाऊ म्हणतो, तिखट झाली, आणि सासरी अजूनही गोड.

जीभ घडते ती अशी, आणि फार लवकर. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही आयांना गाजराचा रस दिला होता. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना तोंडं कमी वाकडी केली. हे २००१ साली छापून आलं. तेव्हा नातू हट्टी आहे असं समजू नका, त्याच्या सवयीची चव वेगळी आहे इतकंच. वाटी भरून वाढू नका. चमचाभरच ठेवा आणि खाल्ली का म्हणून विचारू नका. असं आठ-दहा वेळा करा. शिवाय एक लबाडी सांगते : घट्ट दह्यात लसूण ठेचून घाला, किंचित फेसलेली मोहरी, मीठ, कोथिंबीर, आणि गाजराच्या लांब कांड्या शेजारी ठेवा. कोशिंबीर म्हणू नका. बुडवायला काहीतरी आहे, एवढंच म्हणा. काकडी घालणार असाल तर मीठ वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटून सगळं ताक होतं. मग मात्र सूनबाईची बाटली जिंकेल.

प्रश्न : व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल का? माझं ड्रेसिंग दर वेळी फुटतं.
— एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : चालेल की. साधारण तीन चमचे तेलाला एक चमचा आंबट. लिंबू जहाल असेल तर तेल थोडं वाढवा. मोहरीची चटणी पाव चमचा घाला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सगळं ओता, झाकण घट्ट लावून हलवा. तरी फुटलं तर पुन्हा हलवा. झाकण घट्ट म्हणाले आहे हां, आमच्या भिंतीवर अजून डाग आहे.